भावोजींचा हॉपर आणि ढिगाचं पोट

ताईस,

भावोजींनी आमच्या बॉयलरसाठी बांधलेला हॉपर सलग बावन्न तास वाहतो आहे, आणि या बावन्न तासांत त्याच्यावर एकदाही घण पडलेला नाही. ही बातमी माझी नव्हे, कारण माझ्या बातम्यांना तुमच्या घरात सध्या काय किंमत आहे ते मला ठाऊक आहे. ती बॉयलर पेटता ठेवणाऱ्या आमच्या फायरमनने पक्की केली आहे. या गृहस्थाला कारखान्यात सगळे कानसेन म्हणतात, कारण तो पत्र्याला कान लावून आत माल सरकतो आहे की अडला आहे ते सांगतो. हा माणूस सहसा कुठलीच गोष्ट पक्की करत नाही (स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा तो 'त्या सुमारास' अशी सांगतो). अशा माणसाने आज दुपारी बारा वाजता रजिस्टरात 'वाहतो आहे' असं लिहून खाली सही केली, आणि कोणी न सांगता सहीखाली दोन रेघा ओढल्या.

आता रीतीप्रमाणे नमस्कार. साष्टांगच घातला आहे असं समज. प्रत्यक्षात उजवा खांदा अजून वर जात नाही, त्याचं कारण पुढे येईल. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागच्या पत्रात लिहिलं नव्हतंस, आणि दोन्हींचे उपाय वेगळे असतात असं आमच्या शेजारच्या कंपाउंडरचं म्हणणं आहे. भाचीची परीक्षा संपली असेल. भावोजींची प्रकृती विचारणं मात्र जरा अवघड जातं. गेले अकरा आठवडे मी फोन केला की तू सांगतेस, 'ते अंघोळीला गेलेत.' सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला. इतका स्वच्छ माणूस आपल्या नात्यात आहे याचा मला अभिमान वाटतो, पण मी तिसऱ्या आठवड्यानंतर फोन करणं कमी केलं ते त्यांना सर्दी होईल या भीतीने. म्हणून आता पत्र लिहितो आहे. पत्र दाराबाहेर थांबू शकतं.

येत्या सोमवारी अकरा वाजता आमचे मालक एक गोष्ट ठरवणार आहेत. एक तर भावोजींचा हॉपर कापून भंगारात घालायचा आणि त्यांच्या वर्कशॉपचं नाव आमच्या यादीतून कायमचं खोडायचं, नाही तर तो हॉपर ठेवायचा आणि पुढचं कामही त्यांनाच द्यायचं. गोष्ट इथवर कोणी आणली, तर मी. 'हॉपर सदोष आहे' असा सहा पानी अहवाल मी लिहिला, आणि त्यावर शिक्काही मीच मारला. भावोजींनी तुला यातलं कितपत सांगितलं असेल याची शंका आहे, कारण ते मुळात दिवसाला तीस शब्द खर्च करणारे गृहस्थ, आणि त्यातले वीस वर्कशॉपमध्येच संपतात. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तू बघ.

आमचा कारखाना पुठ्ठ्याचा. पुठ्ठा वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला जळण. मागच्या वर्षापर्यंत कोळसा होता. कोळशाबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण त्याला स्वभाव नव्हता. ठेवला तिथे बसायचा, ढकलला की पडायचा, जळायचा, राख व्हायचा. एकोणीस वर्षांत त्याने मला एकदाही चकित केलं नाही. मग मालकांनी ठरवलं की शेतातलं आणि लाकूडकामातलं उरलंसुरलं जाळायचं: मक्याच्या ताटांची कुट्टी, लाकडाचा भुसा, भाताचं तूस. या नव्या जळणाच्या खात्याचा प्रमुख म्हणून मला नेमलं. का, तर माझ्या पदवीच्या कागदावर 'पदार्थ' हा शब्द आहे.

पहिला धडा मिळाला तो आकाराचा. कोळशाची एक गाडी जेवढी ऊब देते, तेवढीसाठी सुट्या कुट्टीच्या पंधरा-सोळा गाड्या लागतात. हा आकडा मीच काढला होता, वहीत लिहिला होता, मालकांना दाखवला होता. पण वहीतला आकडा जागा मागत नाही. गाड्या यायला लागल्या त्या येतच राहिल्या. दुपारी सायकलस्टँड गेलं. तीन वाजता कँटीनची खिडकी गेली. चारच्या सुमाराला पहारेकऱ्याची केबिन दिसेनाशी झाली, आणि आतून पहारेकरी फोनवर अगदी शांतपणे विचारत होता, की साहेब, माझी ड्यूटी संपली असेल तर कोणत्या बाजूने निघू. (तो वरच्या झडपेतून निघाला. पुढचे दोन दिवस त्याच्या टोपीवर चिमण्या उतरत होत्या.) एवढा मोठा ढीग, आणि वजन बघायला जावं तर काही नाही. नुसती हवा, तिला कुट्टीने चारी बाजूंनी धरून ठेवलेलं. मी तिथे उभा राहिलो आणि मनापासून थक्क झालो. एवढ्या थोड्या मालातून एवढी जागा व्यापणारा पदार्थ मी आजवर फक्त सभेत व्यासपीठावर पाहिला होता.

आणि एकाच ढिगात पडलेल्या तिघांचे तीन स्वभाव. तूस म्हणजे पाण्याचा चुलतभाऊ. गुळगुळीत, घसरडं, कुठे सुईएवढं भोक असेल तर तिथून निघून जाणार. ते माझ्या मोज्यात, डब्यात, हिच्या साखरेच्या बरणीत आणि एकदा हिशेब तपासनिसाच्या चष्म्याच्या घरात सापडलं. भुसा रुसणारा. कोरडा असला की उडतो, ओला झाला की गोळा होऊन बसतो, दाबला की दबतो आणि हात काढला की हळूच परत फुगतो, जणू काही झालंच नाही. आणि कुट्टी प्रेमळ. तिचे लांब धागे एकमेकांत अडकतात, गळ्यात गळे घालतात, आणि मग तुम्ही एक मूठ उचलायला गेलात तर पाठोपाठ अर्धा ढीग निघतो. ताई, मी हे चेष्टेने लिहीत नाही. असा जिवंत माल जाळायचा म्हणजे भट्टीत घालण्याआधी त्याची ओळख करून घ्यावी लागते, आणि मी ती करून घेतली नाही. मला वाटत होतं, मी घेतली आहे.

झालं असं, की मी शास्त्रशुद्ध काम करायचं ठरवलं. रोज सकाळी जेवणाचा एक रिकामा डबा घेऊन ढिगापाशी जायचो, डबा भरून आणायचो आणि ऑफिसात टेबलावर प्रयोग करायचो. चाळण्या होत्या, ओलावा मोजायचं यंत्र होतं, तराजू होता. डब्यातला माल वर्तमानपत्रावर हळूहळू ओतायचा, त्याचा छोटा डोंगर होतो, आणि त्या डोंगराचा उतार कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजायचा. उतार सपाट तर माल वाहता, उभा तर हट्टी, असं ते साधं तत्त्व. माझा उतार रोज एकोणचाळीस अंशांच्या आसपास यायचा. ओलावा बारा टक्के. तुकडे एकसारखे, बोटाच्या पेराएवढे. असा सालस माल मी आयुष्यात पाहिला नव्हता. तीन आठवड्यांची सरासरी काढून मी ती लॅमिनेट करून भिंतीवर लावली.

मग हॉपर आला. तुझ्या माहितीसाठी सांगतो: हॉपर म्हणजे दीड मजला उंच पत्र्याचं नरसाळं. वर तोंड मोठं, खाली लहान. वरून माल टाकायचा, खालून तो स्क्रूवर, म्हणजे माल बॉयलरकडे ढकलत नेणाऱ्या फिरत्या मळसूत्रावर, पडायचा. भावोजींनी तो असा बनवला होता की जोड कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं. मी स्वतः हात फिरवून बघितला होता आणि म्हणालो होतो, भावोजी, यात माणूस बसवला तरी थांबणार नाही. भावोजी म्हणाले, 'माणूस गोल असतो.' त्या वेळी हा विनोद आहे असं समजून मी हसलो.

पहिल्या दिवशी हॉपर वीस मिनिटं वाहिला आणि थांबला. वर बघितलं तर भरलेला. खाली बघितलं तर रिकामा. मध्ये कुठेतरी त्या लांब धाग्यांनी हातात हात घालून कमान धरली होती, आणि त्या कमानीवर दोन टन माल आरामात बसला होता. गवंड्याला लाकडी साचा लागतो, दगड लागतो, चुना लागतो. या मालाने काहीही न वापरता, कोणी न शिकवता, अंधारात पक्की कमान बांधली. कानसेनने बांबूने ढोसून ती पाडली. पाच मिनिटांत नवी. दुसऱ्या दिवशी मालाने वेगळाच प्रकार केला: मधोमध एक नळी मोकळी केली आणि भोवतीचा माल भिंतीसारखा जागच्या जागी. आमच्याकडे त्याला विहीर पडली म्हणतात. वरून डोकावलं की थेट खालचा स्क्रू दिसायचा, आणि बाजूचे ढिम्म.

यावर मी काय केलं, ते लिहिताना हात जड होतो आहे. मी घणाचं वेळापत्रक लावलं. दर पंधरा मिनिटांनी बाहेरून पत्र्यावर चार घाव, प्रत्येक घावाची नोंद, महिनाअखेर तक्ता. घाव घातला की माल थोडा सरकायचा, म्हणून मला आनंद व्हायचा. प्रत्यक्षात प्रत्येक घावाने आतला माल आणखी घट्ट बसत होता, म्हणून पुढच्या वेळी जास्त घाव लागायचे, आणि ते वाढते आकडे बघून मी म्हणायचो, बघा, हॉपर दिवसेंदिवस बिघडतो आहे. मग मी एक थरथरणारी मोटर आणून बसवली. तिने हॉपरमधला माल हलला नाही, पण कँटीनमधले कप एकेक करून फळीच्या काठापर्यंत चालत गेले. त्यातले सहा वाचले.

मालक बघायला आले त्या दिवशीचा प्रसंग तू लोकांकडून ऐकला असशील, पण त्यात 'साहेब नाचत होते' हा भाग खोटा आहे. मी मालकांना हॉपरच्या तोंडाखाली उभं करून समजावत होतो की ही कमान किती पक्की आहे, आणि नेमकं तेव्हाच तिने आपलं मत बदललं. एक 'धप्प' असा आवाज झाला, आणि मग बराच वेळ काही दिसलं नाही. धूळ खाली बसली तेव्हा मालक होते तिथेच होते, फक्त सगळे एका रंगाचे झाले होते, भुवयांसकट. ते एवढंच म्हणाले, 'अहवाल द्या.'

तो मी दिला. माझा तर्क बघ किती सरळ होता. माल वाहता आहे, हे माझ्या तीन आठवड्यांच्या मोजणीने सिद्ध. हॉपरमध्ये तो वाहत नाही, हे सगळ्यांना दिसतंय. म्हणजे दोष हॉपरचा. पुरावा म्हणून मी लिहिलं, की 'आतील पत्रा ठिकठिकाणी उंचसखल असून मालास अडथळा करतो.' उंचसखल तो होताच. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे दर पंधरा मिनिटांनी चार पोचे पडत होते. ते बाहेरून खड्डे दिसायचे आणि आतून उंचवटे. एवढी साधी गोष्ट सहा पानं लिहिताना माझ्या लक्षात आली नाही.

भावोजी आले. त्यांनी बाजूची झडप उघडली, बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. तो पोच्यांवरून फिरवला. मग अडलेल्या मालाची एक चिमूट बाहेर काढली, बोटांत चोळली, हुंगली आणि म्हणाले, 'माल बघा.' मालक शेजारी उभे होते. मी कोनमापक वर धरला आणि म्हणालो, 'माल मोजलाय भावोजी. एकोणचाळीस अंश. कोन काय खोटं बोलतो?' त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोनमापकाकडे बघितलं, बाही खाली केली, बटण लावलं आणि निघून गेले. चहा आलेला होता. तो कानसेनने घेतला. तिथपासून अकरा आठवडे.

आता ज्यांच्यामुळे हे पत्र लिहायची वेळ (आणि हिंमत) आली त्यांच्याबद्दल. आमच्या यार्डात एक बाई आहेत, साठीच्या, त्यांना सगळे मूठमावशी म्हणतात. आधी तीसएक वर्षं त्या गुरांच्या चाऱ्याच्या वखारीत होत्या. त्यांची पद्धत अशी: मूठभर माल घ्यायचा, आवळायचा, मूठ उघडायची आणि बघायचं. गोळा तसाच राहिला तर ओला. हळूहळू फुटला तर चालेल. आवळायच्या आधीच बोटांतून पळाला तर नुसती धूळ. मी माझं ओलावा मोजायचं यंत्र त्यांच्या मुठीशी ताडून बघितलं आहे. यंत्राला सात मिनिटं लागतात.

मागच्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे डबा भरून निघालो होतो, तर त्या ढिगाच्या माथ्यावरून म्हणाल्या, 'साहेब, हे रोज डब्यात काय नेता?'

म्हटलं, 'नमुना.'

'कशाचा?'

'ढिगाचा.'

'ढिगाच्या कुठला?'

मी म्हटलं, ढिगाच्या कुठला म्हणजे, ढिगाचा. त्यावर त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. 'पायाशी उभं राहूनच घेता ना? बुटाला कधी काही लागलेलं दिसत नाही तुमच्या. घराच्या पायरीवर बसलेल्या माणसाला बघून घरातल्यांचे स्वभाव ठरवता होय?' आणि मग, 'बूट काढा. या वर.'

ताई, ही गोष्ट इतकी सोपी आहे की तुझ्या शाळेतल्या दुसरीच्या वर्गालाही कळेल. गाडीतून माल ओतला की ढीग होतो. जाडे, कोरडे, गोटीसारखे तुकडे घरंगळत खाली पायथ्याला येतात. बारीक, ओलं, धागेदार जे काही असतं ते जिथे पडलं तिथेच, ढिगाच्या पोटात, बसून राहतं. मी एकोणीस वर्षं नोकरी केलेला, पदवीच्या कागदावर 'पदार्थ' असलेला माणूस, इतके दिवस रोज पायथ्याशी वाकून ढिगातला सगळ्यात सज्जन माल वेचून आणत होतो, कारण वर चढलं की पॅंटला तूस लागतं.

मावशींनी मला माथ्यावर नेलं आणि म्हणाल्या, हात घाला. मी मनगटापर्यंत घातला. 'एवढ्याने काय होतंय? पुरता घाला.' खांद्यापर्यंत घातला. आत ऊबदार होतं, ताई. पांघरुणाखाली असतं तसं. ओला माल दाटीवाटीने बसला की आतल्या आत तापतो, म्हणे, आणि वेळेवर उलटला नाही तर एक दिवस स्वतःच पेट घेतो. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपला हात त्या उबेत अडकलेला असणं वेगळं, कारण कुट्टीने तो आता धरला होता, आणि तेवढ्यात माझ्या पायाखालचं तूस सरकायला लागलं. मी कमरेपर्यंत गेलो. मावशींनी वरूनच सांगितलं, 'हलू नका, हललात की आणखी जाल,' आणि मग दोरी टाकून, दोन बायकांना हाताशी घेऊन, मला पोत्यासारखा बाहेर ओढला. खांद्याचं कारण हेच. ओढताना त्या तिघी एकमेकींत बोलत होत्या ते मी सगळं लिहीत नाही. 'साहेब दिसतात त्यापेक्षा जड आहेत' हे त्यातलं सगळ्यात आदराचं वाक्य.

पोटातला माल टेबलावर ओतला. ओलावा एकतीस टक्के. चाळणीतून बारीक पीठ पडलं आणि वर वीतभर लांब धागे राहिले. उतार मोजायला गेलो तर उतारच नाही. माल भिंतीसारखा उभा राहिला, आणि एका बाजूला तर पुढे झुकला, तेव्हा मी कोनमापक उलटा धरला आणि तसाच खाली ठेवला. भिंतीवरची लॅमिनेट केलेली सरासरी त्याच दिवशी काढली. (मावशींनी ती मागून घेतली. कुट्टी भरायला चांगली ताठ फळी होते, म्हणाल्या.)

पुढचं सगळं काम त्यांचं. आता गाडी एका जागी ओतत नाहीत. माल चटईसारखा थरावर थर पसरतात आणि काढताना वरपासून खालपर्यंत उभा कापून काढतात, म्हणजे प्रत्येक फावड्यात सगळ्या प्रकारचं थोडं थोडं येतं. वीतभर धागे जाळीवर अडवतात आणि परत कापायला पाठवतात. ओली गाडी आली तर मावशी गेटवरच मूठ उघडून ड्रायव्हरला दाखवतात, आणि ड्रायव्हर वाद घालत नाहीत. सुट्टीच्या आदल्या दिवशी हॉपर रिकामा करतात, कारण भरलेला माल दोन दिवस बसला की स्वतःच्या वजनाने घट्ट होतो. 'माणूसपण बसून राहिला की घट्ट होतो,' असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. घण कुलपात ठेवला आहे. किल्ली त्यांच्याकडे.

पहिल्या दिवशी हॉपर वाहायला लागला तेव्हा आम्ही तिघं खाली उभे होतो. कानसेन पत्र्याला कान लावून, मावशी फावड्यावर हात टेकून, आणि मी काहीच न मोजता. माल खाली येतो तेव्हा फार आवाज होत नाही. कोरडी पानं कोणी टोपलीतून टोपलीत ओततं आहे असं वाटतं. कानसेनने मलाही कान लावायला सांगितलं. भावोजींच्या त्या पत्र्याच्या आत, जिथे माझे पोचे नव्हते तिथे, माल इतका निवांत सरकत होता की मला बाजूला व्हावंसं वाटेना.

मी नवा अहवाल लिहिला आहे. दीड पान. नमुना चुकीच्या जागचा होता, पोचे माझ्या वेळापत्रकाचे आहेत, हॉपर निर्दोष आहे. मालकांनी तो वाचला आणि म्हणाले, सोमवारी बघू, बांधणाऱ्याला बोलवा. तेव्हा भावोजींनी सोमवारी यावं. ओल्या दिवसांत माल जास्त हट्टी होणार, म्हणून खालचं तोंड थोडं मोठं करावं लागेल असं मावशींचं मत आहे, आणि ते काम दुसऱ्या कोणी केलेलं मला बघवणार नाही. पत्र जळणाच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे, तो तुमच्या गावावरूनच जातो. पाकीट अंगणात उघड, तूस सांडेल.

गुडघ्याला जप. भावोजींना माझा नमस्कार, आणि त्यांनी मान हलवली तरी मला कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली, खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. हॉपरच्या खालच्या तोंडाबद्दल. भावोजींनी पहिला नकाशा काढला त्यात ते तोंड दोन फुटांचं होतं. मी लाल पेन्सिलीने 'दोन' खोडून 'दीड' केलं आणि बाजूला लिहिलं, 'प्रयोगाअंती निश्चित.' माझ्या डब्यातला माल दीड फुटातून पळत गेला असता. म्हणजे दोष हॉपरमध्ये थोडा आहे, पण तो माझ्या अक्षरात आहे. दीड पानी अहवालात हे बसलं नाही. तो नकाशा भावोजींकडे, निळ्या फाइलमध्ये असणार. सोमवारी येताना तो घरीच राहिला तर बरं. म्हणजे विसरला तर. तू जरा मदत केलीस तर विसरेल.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात हिने पत्र मागून घेतलं आणि वाचलं. मला वाटलं, तुसाच्या बाबतीत साखरेच्या बरणीचा उल्लेख आला म्हणून बोलेल. तिने फक्त विचारलं, 'त्या दिवशी मालकांसमोर तुम्ही कोनमापक नाचवत होतात, तेव्हा हा नकाशा कुठे होता?' भावोजींच्या शर्टाच्या खिशात होता, ताई. अर्धा बाहेर आलेला होता, मी माझी लाल पेन्सिल ओळखली होती. ती म्हणाली, 'मग त्यांनी तो काढला का नाही?' काढला असता तर त्याच दिवशी माझं खातं गेलं असतं. मी अकरा आठवडे समजत होतो की ते रागाने गप्प आहेत.

ता. क. ३. वरची विनंती रद्द. नकाशा ड्रायव्हरकडेच दे, तो तुझ्या दारात थांबेल. त्याला चहा दे आणि नकाशाची घडी मोडू नकोस असं सांग. सोमवारी अकरा वाजता मी तो स्वतः मालकांच्या टेबलावर उलगडून ठेवणार आहे आणि लाल पेन्सिल कोणाची ते सांगणार आहे. मालक काय म्हणतील ते म्हणोत. भावोजींना मात्र सव्वाअकराला पाठव, आधी नको. ते समोर असले तर मला बोलू देणार नाहीत.